‘द ब्लू रिगी’ : एका निळ्या डोंगराची बांधणी

पुण्यात आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी निसर्गचित्रणासाठी बाहेर पडतो, आणि महिन्यातून एकदा रंगपेट्या बंद ठेवून एकच चित्र भिंतीवर लावतो व त्याच्यासमोर दोन तास बसतो. अशाच एका बैठकीत जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या ‘द ब्लू रिगी, सनराइज’ या जलरंगातील चित्राची छापील प्रत लावली होती. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पाचेक मिनिटे चित्राकडे पाहून म्हणाले, “डोंगर एका वॉशमध्ये उतरवलाय. हात बघा काय आहे!” वॉश म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. काकांचा हात जलरंगात चाळीस वर्षे बसलेला आहे आणि त्यांच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही हे विधान चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे मला नीट उमगायला जवळजवळ सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत एका चित्राविषयी जे कळले, ते येथे नोंदवत आहे.

प्रथम चित्राची ओळख. ते १८४२ सालचे आहे. टर्नर यांचा जन्म १७७५ चा, म्हणजे चित्र काढताना त्यांनी साठी कधीच ओलांडली होती आणि जलरंगात त्यांची पन्नास वर्षे गेली होती. कागदाचा आकार २९.७ बाय ४५ सेंटिमीटर. आपल्या रोजच्या ए-फोर कागदाची उंचीही २९.७ सेंटिमीटरच असते. तेव्हा दोन ए-फोर कागद उभे धरून शेजारीशेजारी ठेवले, की जवळजवळ हे संपूर्ण चित्र त्यांखाली झाकले जाते. बैठकीत लावलेली प्रत याच्या तिप्पट मोठी होती. आमची पहिली चूक तिथेच झाली, कारण तीन पट ताणलेल्या आणि थोड्या धूसर छपाईत बारीक फटकारे एकमेकांत मिसळून जातात व जे उरते ते सलग वॉशसारखे दिसते. कोणतेही चित्र पाहताना त्याचे खरे माप आधी हाताने कागदावर आखून पाहावे, ही सवय मला त्या दिवसानंतर लागली.

रिगी हा स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहराच्या पूर्वेला, तळ्याच्या काठाशी उभा असलेला डोंगर. त्याची उंची १,७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) दीडशे मीटरच जास्त. आल्प्समध्ये याहून कितीतरी उंच, बर्फाने झाकलेली शिखरे असताना टर्नर यांनी हा बुटका म्हणावा असा डोंगर पुन्हा पुन्हा रंगवला, याचे कारण त्याच्या उंचीत शोधण्यात अर्थ नाही. १८४१ च्या उन्हाळ्यात ते ल्युसर्नला तळ्याकाठच्या खानावळीवजा हॉटेलात उतरले होते आणि तिथून समोर पाण्यापलीकडे रिगी दिसत असे. पहाटे, दिवसा, संध्याकाळी, एकाच जागेवरून एकच आकार. प्रकाश बदलताना पाहण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा कुठली असणार!

पुढची हकीकत या प्रकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. इंग्लंडला परतल्यावर टर्नर यांनी थॉमस ग्रिफिथ या आपल्या चित्रविक्रेत्यासमोर एक योजना ठेवली. प्रवासातील टिपणांवरून केलेले पंधरा नमुना-अभ्यास त्यांनी त्याच्याकडे दिले, आणि पक्की चित्रे कशी होतील हे ग्राहकांना कळावे म्हणून चार चित्रे पूर्ण करून दाखवली. ग्राहकाने नमुना निवडायचा आणि त्यावरून टर्नर मोठ्या तयारीने पूर्ण चित्र करून देणार, अशी ती व्यवस्था होती. एकूण दहा चित्रांची योजना होती आणि किंमत प्रत्येकी ८० गिनी ठरली. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराला दहा ग्राहक मिळणे अवघड गेले, कारण ही चित्रे त्यांच्या आधीच्या शैलीपेक्षा वेगळी होती. मागणी नऊ चित्रांनाच आली. ‘ब्लू रिगी’ एल्हानन बिकनेल या व्हेलच्या तेलाच्या व्यापाऱ्याने घेतले. पुढे २००६ साली लिलावात त्याला ५८ लाख पौंड किंमत आली, ते ब्रिटनबाहेर जाण्याची वेळ आली, आणि लोकवर्गणीच्या मोहिमेसह मोठा निधी उभारून २००७ मध्ये टेट संग्रहालयाने ते ४९.५ लाख पौंडांना मिळवले.

नमुना आणि पक्के चित्र यांची ही हकीकत मी केवळ कुतूहलापोटी सांगत नाही. टर्नर यांच्या मागे राहिलेल्या प्रचंड संग्रहात रिगीचे झटपट नमुना-अभ्यासही टिकून आहेत. काकांचे विधान त्या अभ्यासांना अगदी चपखल लागू पडते. तिथे डोंगर म्हणजे निळ्या रंगाचा एक-दोन पाणीदार थर, आकाश म्हणजे पिवळसर ओल, आणि तळे म्हणजे त्याच रंगांची खाली ओढलेली सावली, एवढेच आहे. पक्क्या चित्रात मात्र त्याच रचनेवर कित्येक दिवसांची म्हणावी अशी मेहनत चढलेली आहे. दोन्ही एकाच हाताची, एकाच डोंगराची. पण कामाची जात वेगळी. आपण पक्क्या चित्राकडे पाहून अभ्यासाचे कौतुक करत होतो.

आता चित्राकडे वळतो, आणि आधी रचना. चित्राच्या मध्यावर रिगीचा रुंद, निळा वस्तुमानाचा गोळा आहे. निसर्गचित्राच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते की मुख्य वस्तू बरोबर मध्यभागी ठेवू नये, चित्र दोन भागांत दुभंगते. टर्नर तो नियम सरळ मोडतात, आणि तरी चित्र दुभंगत नाही, याचे कारण डोंगराच्या आकारात आहे. त्याचे माथे टोकदार नाही, उतार दोन्ही बाजूंना सारख्या गतीने उतरत नाहीत, आणि पायथा तर जवळजवळ दिसतच नाही. तिथे धुके आणि पाणी एकमेकांत मिसळले आहेत. डोंगराच्या खाली तळ्यात त्याचे प्रतिबिंब आहे, म्हणून डोळा डोंगरावर थांबत नाही, तो माथ्यावरून खाली घसरतो, धुक्यात क्षणभर आधार हरवतो आणि पाण्यात पुन्हा तोच आकार सापडून स्थिरावतो. मध्यभागी ठेवलेली वस्तू चित्राला जखडून टाकते ती तिच्या तळाची रेषा ठाम असते तेव्हा. इथे ती रेषाच काढून घेतलेली आहे.

अग्रभाग अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. काठाजवळच्या पाण्यात बंदुकीच्या आवाजाने उठलेली बदके आहेत आणि त्यांच्यामागे पाणी उडवत झेपावणारे कुत्रे आहेत. मागे पहाटेची संपूर्ण निश्चलता आणि पुढे एका क्षणाची धांदल. काही रसिकांना हा भाग किरकोळ किंवा गोष्ट सांगण्यासाठी घातलेला वाटतो, आमच्या गटातही तसे मत निघाले. मी त्याच्याशी सहमत नाही. कागदाचा तुकडा घेऊन मी छापील प्रतीतला तो भाग झाकला, तेव्हा डोंगर एकदम जवळ आला आणि लहान झाला. कुत्र्यांचा आकार आपल्याला ठाऊक असतो. त्या ठाऊक मापावरून डोळा मागच्या वस्तूचे अंतर मोजतो. नखाएवढ्या जागेत मावणाऱ्या या हालचालीमुळे तीस सेंटिमीटरच्या कागदावर मैलांचे अंतर उभे राहते. शिवाय कानांचाही प्रश्न आहे: ती बदके पाहताना आवाज आठवतो, आणि आवाज आठवल्यावरच मागची शांतता जाणवते.

आता निळ्या रंगाविषयी. हा निळा चित्रकाराच्या मनातून आलेला काव्यमय निळा आहे असे पुष्कळदा लिहिले जाते, पण त्याला साधे भौतिक कारण आहे. ल्युसर्नहून रिगी पूर्वेला असल्यामुळे सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. आपल्याकडे वळलेली डोंगराची बाजू तेव्हा पूर्ण सावलीत असते आणि तिच्यावर पडणारा प्रकाश फक्त आकाशाचा असतो. त्यात मधली दमट हवा आणखी निळसरपणा मिसळते. याच मालिकेतले ‘द रेड रिगी’ हे चित्र, जे आज मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे, संध्याकाळचे आहे. तेव्हा सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी मावळत असतो आणि समोरचा डोंगर तांबूस उजळतो. एकच जागा, एकच आकार, दिवसाची दोन टोके, आणि दोन्ही रंग निरीक्षणातून आलेले. सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही हे पटेल: सिंहगडाच्या पूर्वेकडच्या गावात पहाटे उभे राहिलो तर गड उजळलेला दिसतो, पश्चिमेकडून पाहिला तर तोच निळाकाळा.

तंत्राकडे आलो की काकांच्या विधानाचा खरा निकाल लागतो. संग्रहालयाने उपलब्ध केलेल्या मोठ्या प्रतिमेत डोंगर जवळून पाहिला, तेव्हा त्याचा निळा सलग नाही हे दिसले. तळाशी फिकट वॉश आहे. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर बारीक कुंचल्याने, जवळजवळ कोरड्या रंगाचे लहान लहान फटकारे दिलेले आहेत, एकमेकांना छेद देणारे, कुठे दाट तर कुठे विरळ. घळी, कडे, गवताळ उतार हे सगळे त्या फटकाऱ्यांच्या घनतेतून उमटतात. कोणाचीही बाह्यरेषा काढलेली नाही. आपल्या लघुचित्रांच्या परंपरेत बारीक रेघा आणि ठिपक्यांनी गोलाई आणण्याच्या पद्धतीला परदाज म्हणतात. टर्नर यांचा त्या परंपरेशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण हाताचे काम कोणत्या जातीचे आहे हे कळण्यासाठी मराठी वाचकाला हा शब्द उपयोगी पडेल.

पाहून समजले असे वाटले, तरी करून पाहिल्याशिवाय मला खात्री पटेना, म्हणून मी फक्त डोंगराचा भाग चित्राच्या मूळ मापात करून पाहायचे ठरवले. पहिला प्रयत्न काकांच्या पद्धतीने केला: तीनशे जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कॉटन कागद, भरपूर पाणी, एकाच वेळी वरून खाली ओढलेला निळा वॉश. वॉश सुरेख आला, एकही डाग पडला नाही, आणि डोंगर पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसू लागला. निळा रंग होता, वजन नव्हते. दुसऱ्या वेळी कागद ओला करून ओल्यावर ओला रंग सोडला. आता धुके चांगले आले, परंतु डोंगराची कड आकाशात फुटली आणि वाळल्यावर माथ्याजवळ फुलकोबीसारखे डाग उमटले. तिसऱ्या वेळी फिकट वॉश देऊन तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू दिला आणि शून्य नंबरच्या कुंचल्याने फटकारे द्यायला सुरुवात केली.

त्या तिसऱ्या प्रयत्नाचे थोडे सविस्तर वर्णन करतो, कारण चित्राविषयीची माझी समज त्या टेबलावरच बदलली. कुंचला रंगात बुडवून तो आधी जुन्या सुती कापडावर टिपावा लागतो, इतका की कागदावर टेकवल्यावर ओली खूण न राहता लगेच वाळणारी खूण उमटावी. पाणी जरा जास्त राहिले की खालचा वॉश सुटतो आणि रंग गढूळ होतो; जरा कमी पडले की खूण खडूसारखी भुरभुरीत दिसते. पहिल्या तासात तळहाताएवढी जागासुद्धा झाली नाही. पण दीड-दोन हजार फटकाऱ्यांनंतर, साधारण तिसऱ्या संध्याकाळी, एक गोष्ट घडू लागली: फटकाऱ्यांच्या मधून खालचा फिकट वॉश आणि त्याखालचा पांढरा कागद डोकावत असल्यामुळे निळा रंग गडद होत गेला तरी मेला नाही. वॉशवर वॉश चढवून मी हीच गडदता आणली असती, तर चौथ्या थरालाच रंग बंद झाला असता. डोंगराला वजनही हवे आणि त्याच्या आतून हवाही वाहायला हवी, या परस्परविरोधी मागण्या टर्नर यांनी त्या कोरड्या, चिवट, वेळखाऊ कामातून पूर्ण केल्या आहेत.

आपल्याकडे जलरंगाच्या कौतुकात वेगाला फार मान आहे, आणि त्याला कारणही आहे. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतून पारदर्शक जलरंगात उघड्यावर बसून चित्र पुरे करण्याची मोठी घडण महाराष्ट्राला मिळाली. बदलत्या उन्हात तासाभरात चित्र उभे करायचे तर वॉशवर हुकमत लागतेच. त्यामुळे ‘ताजेपणा’ हा आपला सर्वांत मोठा गौरवशब्द झाला आणि नकळत ताजेपणा म्हणजे झटपटपणा असा अर्थ रूढ झाला. मात्र याच परंपरेत सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर होऊन गेले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र अनेक वाचकांनी पाहिले असेल. तेलरंगाचा भास व्हावा इतकी घनता त्यात आहे आणि ते जलरंगातच आहे. बोटांमधून येणारा तो प्रकाश एका फटक्यात आलेला नाही, तो सावकाश जपून उतरवलेला आहे, आणि तरी तो ताजा आहे. म्हणजे ताजेपणाचा संबंध घड्याळाशी जोडण्याचे कारण नाही. कागदाचा पांढरा शेवटपर्यंत जिवंत राहिला की नाही, एवढाच प्रश्न आहे.

याच पांढऱ्याचा दुसरा उपयोग ‘ब्लू रिगी’त खरवडण्याच्या रूपाने दिसतो. जलरंगात कागदाचा पांढरा वापरण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: सुरुवातीपासून कागद राखायचा, किंवा रंग चढवून झाल्यावर तो खरवडून खालचा कागद उघडा करायचा. डोंगराच्या वर, आकाशात, पहाटेची शुक्राची चांदणी आहे. ती टाचणीच्या डोक्याएवढी जागा राखत बसले असते, तर आकाशाचा वरून खाली विरत जाणारा वॉश तिच्याभोवती अडखळला असता आणि कडेला रंगाची वळी जमली असती. म्हणून आकाश निर्वेध रंगवून मग तिथे खरवडले आहे. अग्रभागातले उडणारे पाणीही असेच, आणि तिथे खरवडण्याला आणखी एक अर्थ आहे: खरवडलेल्या खुणेची कड फाटकी, खडबडीत असते, आणि उडणाऱ्या पाण्याची कडही तशीच असते. टर्नर या कामासाठी अंगठ्याचे नख वाढवून ठेवत, अशी त्यांना काम करताना पाहिलेल्यांची आठवण नोंदलेली आहे.

मीही ब्लेडच्या टोकाने चांदणी काढली. पहिल्यांदा साध्या सरावाच्या कागदावर प्रयत्न केला तर कागदाचे तंतू उठून कापसाचा पुंजका तयार झाला. चांदणीऐवजी आकाशाला बुरशी लागल्यासारखे दिसू लागले. जिलेटिनचे सायझिंग (कागदाने पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेली खळ) असलेल्या कडक कॉटन कागदावर मात्र तीच खूण स्वच्छ उमटली. त्या काळच्या चांगल्या इंग्लिश कागदांना चिंध्यांचा लगदा आणि जिलेटिन यामुळे असाच कडकपणा असे, म्हणून ते भिजवणे, पुसणे, खरवडणे सारे सोसत. तंत्राचे कौतुक करताना आपण हाताचे करतो आणि कागद विसरतो, हे बरोबर नाही.

या चित्रात सर्वांत सावकाश केलेली गोष्ट, डोंगर, ही सर्वांत निश्चल आहे, आणि सर्वांत झटपट केलेली गोष्ट, नखाचा ओरखडा, ही सर्वांत चपळ आहे. रचनेत शांतता आणि धांदल समोरासमोर ठेवलेली आहेत, तर तंत्रातही हजारो संथ फटकारे आणि एक झटका समोरासमोर आहेत. रचना आणि तंत्र अशी दोन वेगळी शीर्षके करून या चित्राचे रसग्रहण लिहिणे म्हणूनच मला जमले नाही. मला या चित्राचे सर्वाधिक मोल वाटते ते इथे.

सहा महिन्यांनी तेच चित्र आम्ही पुन्हा लावले, या वेळी मूळ मापात, आणि शेजारी माझे तिन्ही प्रयत्न ठेवले. काकांनी भिंग घेतले आणि बराच वेळ काहीच न बोलता डोंगर पाहिला. मग माझ्या तिसऱ्या प्रयत्नाकडे वळून त्यांनी बोट ठेवले ते पायथ्यावर. “फटकारे ठीक आहेत, पण धुक्यात शिरताना तुझा हात थांबलाय. इथे बघ, रेघ दिसतेय. त्यांची कुठे संपते सांग.” मी मूळ चित्राच्या प्रतीत ती जागा शोधू लागलो. फटकारे विरळ होत जातात, मग त्यांच्यातला रंग फिकट होतो, मग ते ओले झाल्यासारखे पसरतात, आणि कुठल्या तरी बिंदूला डोंगर संपून तळे सुरू झालेले असते. तो बिंदू मला दाखवता आला नाही. चौथा कागद ताणून बोर्डावर चिकटवला आहे. या वेळी सुरुवात माथ्यापासून न करता त्या धुक्यापासून करणार आहे.